जुना खटका, नवा मेंदू

कुठल्याही प्रोजेक्ट एक्झिबिशनला जा. 'स्मार्ट होम'चे निदान तीन स्टॉल दिसतील. थर्मोकोलचं घर, चार एलईडी, एक मोबाईल, आणि बाजूला टाय लावून उभा असलेला ग्रुप लीडर. एक्स्टर्नल सर "व्हेरी गुड" म्हणतात आणि पुढच्या टेबलाकडे सरकतात. त्या घराला फक्त एकच गोष्ट नसते, ती म्हणजे भिंतीवरचं बटण. खऱ्या घरात ते तीस-चाळीस वर्षांपासून बसलेलं आहे, आणि घरातली सगळी माणसं अंधारात न बघता त्याच्यावर बरोब्बर हात ठेवतात.

मी काटोलची. आमचं घर जुनं. पुढच्या खोल्यांत पट्टी फिटिंग, मागच्या बाजूला नंतर केलेली कन्सील फिटिंग, आणि मधे वर जाणारा जिना. दिवाळीच्या सुटीत घरचे लाईट मोबाईलवर आणायचे असं मी ठरवलं, तेव्हा आजीने एका वाक्यात सगळं स्पेसिफिकेशन देऊन टाकलं : "बटन दाबलं तं लाईट लागली पाहिजे. बाकी तुह्या मोबाईलचं तू पाह्य." आजी रात्री परसात जाते. पावसाळ्यात आमच्याकडे विंचू-काटा, साप सगळं निघतं. तिथला दिवा न लागणं म्हणजे 'यूजर एक्स्पीरियन्स' खराब होणं नव्हे, ते त्याच्या बरंच पुढचं आहे.

म्हणून ह्या लेखात प्रश्न एकच घेतला आहे. भिंतीवरचं जुनं बटण न काढता, त्याची सवय न मोडता, तोच दिवा मोबाईलवरूनही कसा चालवायचा?

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, स्मार्ट बल्ब आणायचा आणि होल्डरमध्ये लावायचा. पण स्मार्ट बल्बला चोवीस तास सप्लाय हवा असतो. कोणी सवयीने बटण बंद केलं की बल्बचा मेंदूच बंद, मग मोबाईलवर कितीही बोटं आपटा. लोक त्यावर उपाय म्हणून बटणावर सेलोटेप चिकटवतात! म्हणजे जे साधन बिनतक्रार चालत होतं ते निकामी करून आपण नवीन बसवलं.

ह्याहून मोठी गोष्ट अमेरिकेत घडली. २०१६ साली 'रिव्हॉल्व्ह' नावाचा होम ऑटोमेशनचा हब त्याच्या मालक कंपनीने, म्हणजे नेस्टने, सरळ बंद केला. लोकांच्या घरातला चांगला डबा एका दिवसात निरुपयोगी झाला. एप्रिल २०२२ मध्ये 'इन्स्टिऑन' कंपनीचे सर्व्हर असेच अचानक बंद पडले. ॲप मेलं. पण इन्स्टिऑनच्या लोकांकडे भिंतीवर बटणं होती आणि ती चालत राहिली, कारण बटण आणि दिवा ह्यांच्यामध्ये सर्व्हर नव्हता. माझ्या मते ह्या विषयातला सगळ्यात मोठा धडा हाच आहे, आणि तो आजीला सर्व्हर न पाहताच माहीत होता.

खटक्याच्या आत काय असतं

खटका ह्या शब्दातच त्याचा आवाज आहे. तो 'खट' आवाज शोभेचा नाही. वाहता करंट तोडताना दोन कॉन्टॅक्टच्या मधे आर्क पडतो. कॉन्टॅक्ट हळूहळू लांब गेले तर आर्क रेंगाळतो आणि धातू जळतो. म्हणून आतली स्प्रिंग आधी ताण साठवते आणि मग एकदम सोडते. आपण बटण कितीही हळू दाबा, कॉन्टॅक्ट झटक्यातच उघडतो. ही युक्ती इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्सने १८८४ साली काढली. आपल्या एसी सप्लायमध्ये करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावरून जातो, त्यामुळे आर्क विझायला आणखी मदत होते. आमच्या पट्टी फिटिंगवरचे गोल काळे बेकेलाइटचे खटके काय, किंवा सनमाईकाच्या बोर्डावरची पियानो बटणं काय, आतलं तत्त्व तेच.

एक हिशेब करून बघा. ६० वॅटचा पिवळा बल्ब २३० व्होल्टला साधारण ०.२६ अँपिअर घेतो. त्या जागी ९ वॅटचा एलईडी लावला की करंट ४० मिलीअँपिअरच्या आसपास येतो. खटक्याचं काम सहा पटीने हलकं झालं. म्हणून जुनी बटणं फेकून देण्याची घाई करू नका. झाकण तडकलेलं नसेल, स्क्रूजवळ जळाल्याचा काळा डाग नसेल, खट आवाज करकरीत असेल, तर त्याच्यात अजून बरंच आयुष्य आहे. डाग असेल, बटण मधेच अडकत असेल किंवा गरम लागत असेल, तर मात्र ते बदला, त्यावर इंजिनिअरिंग करू नका.

आधी बोर्डात काय आहे ते बघा

इंटरनेटवरचे बहुतेक धडे अमेरिकन घरासाठी असतात आणि पहिल्याच पानावर रडारड असते की बटणाच्या डब्यात न्यूट्रल नाही. तिकडच्या जुन्या घरांत फेज खाली बटणापर्यंत येते आणि परत दिव्याकडे जाते, न्यूट्रल वरच राहतो. तिथल्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडने २०११ साली न्यूट्रल द्यायचा नियम आणला. आपल्याकडे मात्र एकाच बोर्डावर चार बटणं, एक फॅनचा रेग्युलेटर आणि एक प्लग असतो. प्लग आहे म्हणजे न्यूट्रल आला आहेच! मॉड्यूलला स्वतः जिवंत राहायला फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात, ते आपल्या बोर्डात बहुधा आयतेच मिळतात. अपवाद म्हणजे जिन्याचा वरचा बोर्ड आणि पलंगाजवळचं एकटं बटण. आमच्याकडेही जिन्याच्या खालच्या बोर्डात न्यूट्रल होता, वरच्यात नव्हता.

जुन्या फिटिंगमध्ये दुसरी एक भानगड असू शकते. बटण फेजऐवजी न्यूट्रलमध्ये टाकलेलं असतं. दिवा लागतो आणि विझतो, त्यामुळे कोणाला कळत नाही. पण विझलेल्या दिव्याच्या होल्डरमध्ये फेज तशीच उभी असते, आणि बल्ब बदलणाऱ्याला झटका बसतो. असं आढळलं तर पुढे जाऊ नका, आधी वायरमनकडून ते सरळ करून घ्या.

आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची. आमच्याकडे आलेले वायरमन काका बोर्डाला हात लावायच्या आधी एवढंच म्हणाले, "बेटा, इन्व्हर्टर बंद केलं का?" मेन स्विच तर त्यांनी स्वतःच पाडला होता. २००५ नंतरची काही वर्षं ग्रामीण महाराष्ट्रात जे तासन्तास लोडशेडिंग झालं, त्या काळात आमच्या गल्लीत बहुतेकांनी इन्व्हर्टर घेतले. तेव्हा प्रत्येक बोर्डातून दोन-तीन पॉइंट तोडून इन्व्हर्टरच्या लाइनवर टाकले. आज एकाच बोर्डात दोन फेज असतात, एक मेनची आणि एक इन्व्हर्टरची. मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाईन गेली, आणि तो इमानदारीने बोर्डात २३० व्होल्ट देऊ लागतो! पुस्तकात "स्विच ऑफ द मेन्स" एवढंच लिहिलेलं असतं. आपल्या घरात ते पुरत नाही. मेन बंद, इन्व्हर्टर बंद, मग मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही तपासायचं, आणि तो मल्टिमीटर आधी चालू प्लगवर लावून बरोबर दाखवतो का तेही बघायचं. निऑन टेस्टर फेज आहे हे सांगायला ठीक, पण फेज नाही ह्याची खात्री त्याच्या भरवशावर करू नका.

पहिली पद्धत : जिना

फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये आपण सगळ्यांनी जिना वायरिंग केलं आहे. दोन टू-वे बटणं, प्रत्येकाच्या मागे तीन स्क्रू, मधे दोन वायरी. खालून लावा, वरून बंद करा. सबमिशन झालं, सही घेतली, विसरलो. थर्ड सेमिस्टरला डिजिटलमध्ये एक्स-ऑर गेट आलं तेव्हा किती जणांच्या लक्षात आलं की हे तेच? दोन्ही बटणं एका स्थितीत असतील तर दिवा बंद, वेगवेगळ्या स्थितीत असतील तर चालू (किंवा वायरी अदलाबदल केल्या तर बरोब्बर उलट). क्लॉड शॅननने १९३७ साली एमआयटीतल्या आपल्या मास्टर्स थिसिसमध्ये रिले आणि स्विचची सर्किटं बूलच्या बीजगणितात बसतात हे दाखवलं. एक्स-ऑरचा फायदा असा की कुठलंही एक इनपुट बदला, उत्तर बदलतंच. कोणतं बटण मुख्य आणि कोणतं दुय्यम, असा प्रश्नच उरत नाही.

आता रिलेकडे बघा. त्याला कॉमन, एन.ओ. आणि एन.सी. असे तीन टोक असतात. म्हणजे रिले हे टू-वे बटणच आहे, फक्त बोटाऐवजी कॉइल ते दाबते. मग झालं की! भिंतीवर टू-वे बटण ठेवायचं, फेज त्याच्या कॉमनला, त्याच्या दोन वायरी रिलेच्या एन.ओ. आणि एन.सी.ला, आणि रिलेचा कॉमन दिव्याला. मोबाईल म्हणजे जिन्याचं दुसरं टोक झालं. भिंतीवरचं बटण दाबा, दिवा बदलेल. मोबाईलवरून रिले हलवा, दिवा बदलेल. वायफाय गेलं, राउटर जळालं, मॉड्यूलच मेलं, तरी रिले एन.सी.वर स्वस्थ बसून राहतो आणि भिंतीवरचं बटण पूर्वीसारखंच चालतं. आजीची अट पूर्ण.

आमच्या जिन्यात दोन टू-वे आधीच होती, मग तिसरं टोक कुठे घालायचं? दोन बटणांना जोडणाऱ्या दोन वायरींच्या मधे. तिथे दोन पोलचा, आठ पिनांचा रिले लागतो. तो अशा पद्धतीने जोडायचा की कॉइल बंद असताना दोन्ही वायरी सरळ जातील आणि कॉइल चालू असताना त्यांची अदलाबदल होईल. हॉटेलच्या लांब कॉरिडॉरमध्ये मधल्या बटणाला हेच काम असतं. न्यूट्रल खालीच होता, म्हणून मॉड्यूल खालच्या बोर्डात गेलं. जुनी दोन्ही बटणं जागची हलली नाहीत.

ह्या पद्धतीत एक उणीव आहे. मॉड्यूलला दिवा चालू आहे की बंद, हे कळत नाही. त्याला स्वतःचा रिले माहीत आहे, भिंतीवरच्या बटणाची स्थिती माहीत नाही. म्हणून दिव्याच्या दोन टोकांवर एक छोटा डोळा बसवावा लागतो, पीसी८१७ सारखा ऑप्टोकपलर. २३० व्होल्टकडून रेझिस्टर घालून त्याचा आतला एलईडी पेटवायचा. ४७ किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक घ्या. करंट सुमारे २.४ मिलीअँपिअर येतो, आणि प्रत्येक रेझिस्टर पाव वॅटच्या थोडा वर तापतो, म्हणून १ वॅटचे घ्या. एकच का नाही? कारण २३० व्होल्ट आरएमएसचा पीक ३२५ व्होल्ट असतो आणि आपल्या लॅबमधल्या साध्या पाव वॅटच्या रेझिस्टरची व्होल्टेज क्षमता बहुधा २५० असते. वॅटेज सगळे बघतात, हे कोणी बघत नाही. उलट्या हाफ सायकलसाठी एक १एन४००७ डायोड उलटा लावा. दुसऱ्या बाजूला दर २० मिलिसेकंदाला एक पल्स मिळेल, तेव्हा प्रोग्राममध्ये "१०० मिलिसेकंदात एकही पल्स नाही म्हणजे दिवा बंद" अशी अट ठेवा. मोबाईलवरून "ऑन" आलं आणि दिवा आधीच चालू असेल, तर रिलेला हात लावायचा नाही. एवढंच लॉजिक.

दुसरी पद्धत : बटण म्हणजे इनपुट

बाजारातली जी छोटी मॉड्यूल बटणामागे बसतात ती बहुतेक ह्या पद्धतीची. फेज कायम मॉड्यूलला, दिवा मॉड्यूलच्या रिलेवर, आणि जुनं बटण फक्त मॉड्यूलला "मला हलवलं" एवढं सांगतं. जुनं वन-वे बटण बदलावं लागत नाही, हा मोठा फायदा. बटणाच्या वर-खाली असण्याला अर्थ राहत नाही, बदलाला अर्थ असतो. टास्मोटा नावाचं मोफत फर्मवेअर पुष्कळ जण वापरतात. त्यात 'स्विचमोड' शून्य ठेवलं तर प्रत्येक हालचालीला दिवा पलटतो. हे सगळं मॉड्यूलच्या आतच होतं, इंटरनेट लागत नाही. पण मॉड्यूल मेलं तर दिवाही गेला, हे लक्षात ठेवा.

आणि इथे जुनं बटण आपला जुनेपणा दाखवतं. कॉन्टॅक्टवर वर्षानुवर्षं ऑक्साइडचा आणि धुळीचा थर बसतो. २३० व्होल्टला तो दिसतच नाही, व्होल्टेज तो फोडून जातं आणि छोटासा आर्क कॉन्टॅक्ट साफही करतो. पण ईएसपी८२६६ चिपचं इनपुट ३.३ व्होल्टचं. आतल्या पुल-अपमधून करंट मिळतो मिलीअँपिअरच्या दहाव्या भागाहूनही कमी. एवढ्याशा करंटला तो थर म्हणजे भिंत! बटण कधी कळतं, कधी कळत नाही, आणि आपण रात्रभर कोडमध्ये बग शोधत बसतो.

दुसरा त्रास भुताटकीचा. बटणाची लांब वायर एकाच पाइपमधून फेजच्या शेजारून जाते. दोन वायरी शेजारी म्हणजे कपॅसिटर. १० मीटरला १ नॅनोफॅरड धरू. ५० हर्ट्झला त्याचा विरोध सुमारे ३.२ मेगाओहम, म्हणजे २३० व्होल्टला ७२ मायक्रोअँपिअर. चिपचा आतला पुल-अप ४५ किलोओहम धरला तर त्यावर येतात ३.२ व्होल्ट. इनपुटच ३.३ चं आहे! मग रात्री दोन वाजता दिवा आपोआप लागला तर घरचे म्हणणारच की ह्या पोरीने काहीतरी करून ठेवलं. बाहेरून ४.७ किलोओहमचा पुल-अप लावला की तेच ०.३४ व्होल्टवर येतं. कॉन्टॅक्टलाही जास्त करंट मिळतो. प्रोग्राममध्ये ५० मिलिसेकंदांचा डीबाउन्स ठेवला की बटणाच्या उड्याही मोजल्या जात नाहीत.

खरं सांगायचं तर लांब वायर असेल तिथे ३.३ व्होल्ट बोर्डाबाहेर नेऊच नये. बटणातून २३० व्होल्टच जाऊ द्या आणि वरच्यासारखाच ऑप्टोकपलर त्यावर लावा. जुनं बटण ज्या व्होल्टेजसाठी जन्मलं त्यावरच ते खूश असतं.

लाईन परत येते तेव्हा

हा प्रश्न अमेरिकन धड्यांत जवळजवळ नसतोच. आमच्याकडे लाईन दिवसातून दोनदा गेली तरी कोणी मान वर करत नाही. परत आल्यावर दिव्याने काय करायचं? टास्मोटात 'पॉवरऑनस्टेट' ही सेटिंग आहे. त्यात आधी होता तसा, कायम बंद किंवा कायम चालू, ह्यांपैकी ठरवता येतं. खोल्यांना "आधी होता तसा" ठेवलं. परसातल्या दिव्याला "चालू" ठेवलं, कारण अंधारात बाहेर कोणी असेल तर त्याने बटणापर्यंत चालत यावं ही अपेक्षाच चुकीची. चिपच्या शून्य, दोन आणि पंधरा नंबरच्या पिना बूट होताना विशिष्ट पातळीवरच असाव्या लागतात आणि त्यांच्यावर रिले लावला तर तो क्षणभर टकटक करू शकतो. चार आणि पाच नंबरच्या पिना त्या मानाने सभ्य आहेत. रिलेवर १० अँपिअर लिहिलंय म्हणून त्याच्यावर वीस एलईडी लादू नका. प्रत्येक एलईडीच्या आत कपॅसिटर असतो, चालू होताना तो क्षणभर कितीतरी पट करंट खेचतो, आणि रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटतात.

हॉस्टेलवाल्यांसाठी

सगळ्यात आधी : हे हॉस्टेलच्या बोर्डावर करायचं नाही. बोर्ड कॉलेजचा आहे, आणि त्या लाइनवर शेजारच्या चार खोल्या आहेत. (रेक्टर मॅडमही हे वाचतात.) प्लायच्या तुकड्यावर दोन जुनी बटणं, एक होल्डर, एक किटकॅट फ्यूज लावून लॅबमध्ये करा, सर हो म्हणतात.

ज्या स्वस्त मॉड्यूलमध्ये सप्लाय आयसोलेटेड नसतो, त्यांची ३.३ व्होल्टची बाजू म्हणजे फेजवर बसलेली ३.३ व्होल्ट. ग्राउंडला हात लावला तरी झटका. तेव्हा मॉड्यूल मेनला जोडलेलं असताना त्याला यूएसबीने लॅपटॉप लावणं म्हणजे लॅपटॉप आणि आपण दोघंही मेनला लागणं. प्रोग्राम आधी टेबलावर भरा, मग मेन. झिरो पीसीबीवर २३० ची बाजू आणि चिपची बाजू ह्यांच्यात निदान ६ मिलिमीटर मोकळं सोडा, एक ओळ सोडून भागत नाही. आणि घरात प्रत्यक्ष बसवताना परवाना असलेल्या वायरमनला बोलवा, घरी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर त्याच फेरीत तो लावून घ्या. आमच्या काकांनी जिन्याचं काम तासाभरात केलं, मी फक्त ड्रॉइंग धरून उभी होते. शेवटी त्यांनी एक काम आपणहून केलं, मी सांगितलं नव्हतं. खालच्या बोर्डाच्या आत, झाकणाच्या मागे, मार्करने लिहून ठेवलं : "यात दोन फेज आहेत. इन्व्हर्टर बंद करा." त्याखाली मी सर्किटची एक चिठ्ठी चिकटवली, पुढच्या वायरमनसाठी.